दाराला लावलेला दगड

सिडनीतल्या एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत दार आपटू नये म्हणून एक दगड लावून ठेवलेला असे. नाउरू बेटावरून कुणीतरी आणलेला. अश्मीभूत लाकूड असावं असा सगळ्यांचा समज. आल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याला शंका आली. त्यानं तो तपासला, तर निघालं उत्तम प्रतीचं फॉस्फेट, म्हणजे खताचा कच्चा माल! १९०० सालच्या आसपासची ही गोष्ट. पुढे कित्येक दशकं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची कुरणं प्रशांत महासागरातल्या दोन ठिपक्यांच्या जिवावर हिरवी राहिली : नाउरू, आणि तिथून जवळपास ३०० किलोमीटरवरचं बनाबा.

समुद्र एकच, दगडही तोच. पुढची कहाणी मात्र एक नाही.

नाउरू जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं. १९६८ साली ते स्वतंत्र झालं आणि दोन वर्षांत खाणीही हातात आल्या. सत्तरच्या दशकात तिथलं दरडोई उत्पन्न जगातल्या अव्वल देशांच्या पंगतीला जाऊन बसलं. ट्रस्ट होते, पण त्यातला पैसा कुणी, कशावर खर्चायचा याला आवर घालणारं कुणी नव्हतं. मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत उभी राहिली. १९९३ साली लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीवरच्या संगीत नाटकालाही नाउरूनं पैसा पुरवला (ते सपशेल पडलं). फॉस्फेट आटलं, कर्ज चढलं, २००४ साली ती इमारतही विकावी लागली. आणि बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग आज नुसते चुनखडीचे सुळके.

बनाबाचा कारभार गिल्बर्ट बेटांच्या ब्रिटिश वसाहतीत होता. तिथल्या प्रशासनानं १९५६ साली फॉस्फेटच्या महसुलातला काही वाटा बाजूला काढून परदेशात गुंतवायला सुरुवात केली. सार्वभौम संपत्ती निधी म्हणून आज जे ओळखले जातात, त्यांतल्या अगदी जुन्यांपैकी हा एक. १९७९ साली बनाबावरची खाण संपली आणि त्याच वर्षी ती गिल्बर्ट बेटं किरिबाटी या नावानं स्वतंत्र झाली. निधी मात्र वाढतच राहिला. आज तो एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे आहे. खडक संपून चार दशकं उलटली, तरी त्याची कमाई अजून चालू!

अर्थतज्ज्ञ जॉन हार्टविक यांनी १९७७ साली हेच सूत्र मांडलं : संपणाऱ्या खनिजाचा नफा खाऊन टाकू नका, दुसऱ्या भांडवलात गुंतवा, म्हणजे पुढच्यांच्या वाट्यालाही तेवढंच राहील.

पण ‘पुढचे’ म्हणजे कोण? बनाबाच्या लोकांना १९४५ साली सुमारे दोन हजार किलोमीटर दूर, फिजीतल्या राबी बेटावर नेऊन वसवलं गेलं. ते बेटही त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशातून विकत घेतलेलं. किरिबाटीच्या शहाण्या हिशेबाच्या वहीत हा खर्च कुठेच मांडलेला नाही, आणि मला तरी तो वगळून त्या निधीचं कौतुक करवत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही. गोव्यात लोहखनिज पोर्तुगीज अमलापासून बोटींत भरून परदेशी जात होतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की विक्रीच्या रकमेतले दहा टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत टाका. दहाच का, आणि उरलेले नव्वद कुणाचे, यावर गोव्यात अजूनही भांडण आहे.