पत्र्याच्या छपराखालची बाजारपेठ

घरावरच्या पन्हळी पत्र्याला स्वाहिली भाषेत 'माबाती' म्हणतात. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या काळात तिथल्या खेड्यांतील बायकांनी एकत्र येऊन गट काढले. ठरावीक वर्गणी जमवायची आणि त्या पैशांतून पाळीपाळीने एकेकीच्या घरावरचे गवत उतरवून पत्रा चढवायचा. आपल्याकडची भिशीच म्हणा ना! गवताचे छप्पर पुन्हा पुन्हा शाकारावे लागते, पत्रा वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यावरून पडणारे पावसाचे पाणी धरून ठेवता येते, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

पोलादाच्या निर्यातीविषयी बोलताना ही बायकांची भिशी कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, छोट्या देशांतली पोलादाची मागणी बव्हंशी अशीच जन्माला येते. एका घराचे छप्पर, एका शाळेच्या खिडक्या, एका विहिरीचा पाइप. निर्यात म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येतात ती युरोपातली मोठी बंदरे आणि मोटारींचे कारखाने. या पत्र्याच्या छपराखाली दडलेल्या बाजारपेठेकडे आपण पाहतो ते मोठे गिऱ्हाईक रुसल्यावर. सध्या तशीच वेळ आली आहे.

मोठी दारे बंद होताना

आकडेच बोलके आहेत. २०२१-२२ या वर्षात भारताने सुमारे १ कोटी ३५ लाख टन तयार पोलाद परदेशी धाडले. २०२४-२५ मध्ये हा आकडा ४९ लाख टनांच्या आसपास आला, आणि त्याच वर्षी आयात ९५ लाख टनांवर गेली. कच्च्या पोलादाच्या उत्पादनात चीनखालोखाल जगात दुसरा असलेला देश विकण्यापेक्षा विकत अधिक घेऊ लागला! अखेर एप्रिल २०२५ मध्ये सरकारला काही आयात मालावर १२ टक्के संरक्षक शुल्क बसवावे लागले.

इटली, बेल्जियम, स्पेन ही आपली जुनी गिऱ्हाइके. परंतु युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलादावर कार्बनचा आकार लागू केला आहे. माल बनवताना जितका धूर, तितका भार. आपले बहुतेक पोलाद कोळशावर तयार होते. म्हणजे हा भार आपल्याला इतरांहून जड जाणार हे उघड आहे. अमेरिकेने २०१८ साली बसवलेले २५ टक्के शुल्क जून २०२५ मध्ये ५० टक्क्यांवर नेले. आणि चीनने एकट्या २०२४ साली ११ कोटी टनांहून अधिक पोलाद जगाच्या बाजारात ओतले. अशा वेळी नेपाळ, केनिया, टांझानिया, श्रीलंका ही नावे निर्यातदारांच्या बोलण्यात येऊ लागली तर नवल नाही. प्रश्न असा की, तिथे विकायचे काय आणि कसे?

सळई नव्हे, पत्रा

छोटा देश बांधकामाला लागला की सर्वप्रथम सळईचा कारखाना काढतो. त्याला मोठे भांडवल लागत नाही. भंगार वितळवायचे, ओतायचे, लाटायचे. आपले जालना याच उद्योगावर उभे राहिले. जालन्याची सळई मराठवाड्यात, विदर्भात खपते. पण तीच चारशेच्या आसपास किलोमीटर रस्त्याने न्हाव्याशेव्याला आणि तिथून बोटीने आफ्रिकेला पाठवावी, तर वाटेतच नफा संपायचा. शिवाय तिथला सळईवाला आपल्या सरकारकडे जाऊन आयातीवर शुल्क मागणार, ते वेगळेच. बांगलादेश आपल्या गरजेची सळई स्वतःच तयार करतो, आणि त्यासाठीचे काही भंगार चितगावजवळ सीताकुंडच्या किनाऱ्यावर मोडीत निघणाऱ्या जहाजांतून मिळते.

सपाट मालाची गोष्ट निराळी. पोलादाची लादी तापवून तिची लांबलचक पट्टी लाटायची आणि गुंडाळी करायची, हे काम करणारी गिरणी वर्षाला वीस-तीस लाख टन माल काढील तरच परवडते. ज्या देशाची सारी भूकच काही लाख टनांची, तो अशी गिरणी काढून करणार काय? तो या गुंडाळ्या, ज्यांना व्यापारात 'एचआर कॉइल' म्हणतात, त्या बाहेरून आणणार, आपल्याकडे पातळ लाटणार, जस्ताचा थर देणार आणि पत्रे विकणार. केनियातली १९६२ साली स्थापन झालेली 'माबाती रोलिंग मिल्स' हेच करत आली आहे. तिचा एक कारखाना मोंबासा बंदराजवळ मारियाकानी येथे आहे, तो उगीच नव्हे.

या व्यवहारात आपण तिथल्या कारखानदाराचे वैरी ठरत नाही, त्याला कच्चा माल पुरवणारे सोबती ठरतो. तेव्हा त्याचे सरकार आपल्या वाटेत भिंत उभारण्याची शक्यता कमी. रायगड जिल्ह्यात डोलवीला १ कोटी टन क्षमतेचा कारखाना अगदी खाडीकाठी उभा आहे. मुंबई ते मोंबासा हे अंतर चीनच्या बंदरांपासूनच्या अंतराच्या निम्म्याहूनही कमी आहे. किमतीत आपण चीनला हरवू असे नाही. पण छोट्या गिऱ्हाइकाला एका वेळी हजार-दोन हजार टनच हवे असतात, आणि लवकर हवे असतात. जवळच्या दुकानदाराला तिथे संधी असते.

दुसरी वाट घडवलेल्या मालाची. नागपूरजवळ बुटीबोरीला विजेच्या मनोऱ्यांचे सुटे भाग तयार होतात. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत वीजवाहिन्या अजून उभ्या राहायच्या आहेत. भारताच्या एक्झिम बँकेमार्फत अशा देशांना कर्ज दिले जाते आणि सर्वसाधारणपणे त्यातील ७५ टक्के माल व सेवा भारतातून घ्याव्यात अशी अट असते. टनावारी विकलेल्या पोलादापेक्षा मनोरा म्हणून विकलेल्या पोलादाला भाव चांगला, आणि गावातल्या पोरांना काम मिळते ते वेगळे.

गिऱ्हाईक आहे, डॉलर नाही

मात्र सारे काही गोडच आहे असे समजण्याचे कारण नाही. छोट्या देशांची खरी अडचण मागणीची नसते, परकीय चलनाची असते. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये, श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये, घानाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणि इथिओपियाने २०२३ च्या अखेरीस परदेशी देणी थकवली. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या हाती ऑर्डर असते, पण बँक पतपत्र उघडत नाही. आपल्याकडचा मध्यम कारखानदार एका बुडीत बिलाने उठतो. म्हणून निर्यात विमा हा इथे उपचार नव्हे, प्राणवायू आहे.

या बाबतीत नेपाळचे उदाहरण बोलके आहे. नेपाळचा रुपया १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० या दराने बांधलेला आहे आणि आपल्याशी त्याचा बराचसा व्यापार रुपयांतच चालतो. डॉलरची कटकट नाही, समुद्र नाही. तरीही २०१५ च्या भूकंपानंतर, घरे उभारायची वेळ आली तेव्हाच, सप्टेंबरपासून पुढले चार-पाच महिने सीमेवरची वाहतूक खोळंबली. त्याची आठवण तिथला ग्राहक अद्याप विसरलेला नाही.

भरवशाचा दुकानदार

आणि इथेच मूळ दुखणे आहे. आपण निर्यात करतो ती उरलेल्या मालाची. २०२० साली टाळेबंदीत देशातली मागणी गोठली, तेव्हा आपल्या कारखान्यांनी व्हिएतनामला जोरात माल धाडला. घरी मागणी परतताच व्हिएतनाम मागे पडले. मे २०२२ मध्ये देशातले भाव आवरण्यासाठी सरकारने एका रात्रीत पोलादावर १५ टक्के निर्यात शुल्क लावले आणि नोव्हेंबरात काढून टाकले. सहाच महिने! परंतु करार करून बसलेल्या परदेशी ग्राहकाने त्यातून काय बोध घेतला असेल? पुढे व्हिएतनामने कॉइलवर डंपिंगविरोधी चौकशी लावली ती भारत आणि चीन दोघांविरुद्ध. २०२५ साली शुल्क बसले ते चीनवर. भारत सुटला, कारण तिथल्या आयातीत आपला वाटा ३ टक्क्यांहूनही कमी उरला होता. ही सुटका आनंदाची म्हणायची की नामुष्कीची?

देशातल्या घरबांधणीला स्वस्त पोलाद हवे, हेही खरेच. आपला दरडोई वापर अजून १०० किलोच्या आसपास आहे, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. सारा माल बाहेर पाठवा असे कोणीच म्हणणार नाही. पण उत्पादनाचा एक छोटा, ठरलेला हिस्सा छोट्या देशांसाठी बाजूला ठेवायचा आणि तेजी असो की मंदी, तो पोचवायचाच, एवढे तरी उद्योगाला आणि सरकारला जमायला हवे.

गावातला किराणा दुकानदार आठवून पाहा. तो सणासुदीला भाव चढला म्हणून रोजच्या गिऱ्हाइकाला माघारी धाडत नाही. वर्गणी काढून एकेका घरावर पत्रा चढवणाऱ्या त्या बायकांची भिशी चालली, ती प्रत्येकीने आपला हप्ता वेळेवर भरला म्हणून. आपला हप्ता आपण भरणार आहोत का, एवढाच प्रश्न आहे.