मित्राचें तोंड आणि गोष्टीची वाट

अध्यापनाच्या काळांत आमच्या हातून घडलेली एक चूक आज वाचकांपुढें मांडावीशी वाटते. नववींतील एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर आमच्यापाशीं आला. रात्रीं झोपेंत धातुपात होतो, आपण आतां मरणार काय, असें त्यानें खालीं मान घालून विचारलें. आम्हीं त्यास ब्रह्मचर्यावर चार शब्द सुनावले व घरीं पाठविलें. परवां तो भेटला तेव्हां कळलें कीं, त्यानें फीचे पैसे एका भोंदू वैद्याच्या पुड्यांत घालविले आणि दोन वर्षें मरणाच्या भयांत काढलीं. या वयांत हें निसर्गक्रमानेंच होतें, एवढें एकच वाक्य आम्हीं बोलावयास हवें होतें!

मम्मटाचार्यांनीं काव्यप्रकाशांत उपदेशाचे तीन प्रकार सांगितले आहेत, हें सुज्ञ वाचकांस ठाऊक असेलच. धन्यासारखी आज्ञा करणारा पहिला, मित्रासारखा समजावणारा दुसरा, आणि कान्तेप्रमाणें गोडीनें मन वळविणारा तिसरा, तो काव्याचा. कामजीवनाच्या बाबतींत आम्हां वडील मंडळींना पहिलाच काय तो येतो. तोही बहुधा मौनाच्या रूपानें. (र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकांत तें मौन मोडलें, तर त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले.)

पूर्व आफ्रिकेंतील टांझानिया देशानें तिसरा प्रकार करून पाहिला. एड्सची सांथ पसरत असतां, १९९३ सालीं, तेथील नभोवाणीवर 'ट्वेंडे ना वकाटी', म्हणजे 'काळाबरोबर चला', ही स्वाहिली श्राव्यमालिका सुरू झाली. तींत मक्वाजू नांवाचा मालमोटारीचा चालक आहे. वाटेवर ठिकठिकाणीं मैत्रिणी, असा त्याचा खाक्या. पुढें त्यास एड्स होतो. बायको तुनू त्याला सोडून स्वतःच्या पायांवर उभी राहते. श्रोते या माणसावर शेजाऱ्यासारखे रागावत. मौजेची गोष्ट अशी कीं, डोडोमा भागांत पहिलीं दोन वर्षें ही मालिका मुद्दाम लावलीच नाहीं. त्या वेळीं तेथें स्थानिक कार्यक्रम होत. त्यामुळें तुलना करतां आली. मालिका ऐकूं आली त्या भागांत अनेकांशीं संबंध ठेवण्याचें प्रमाण घटलें, निरोधाचा वापर वाढला. १९९५ नंतर डोडोमांतही मालिका लागली, तेव्हां तेथेंही तसाच फरक दिसूं लागला. आणि लोक आपसांत बोलूं लागले. स्वतःची लाज सांगवत नाहीं. मक्वाजूची सांगतां येते.

मित्राचा प्रकार आपल्याच देशांत आहे. ७ जानेवारी २०१४ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांत गांवांतलेच दोन मुलगे व दोन मुली निवडून, शिकवून, त्यांस 'साथिया' नेमण्याची योजना आहे. मासिक पाळी, गुप्तरोग, अकालीं गर्भधारणा या गोष्टी समवयस्कांनींच समवयस्कांस सांगावयाच्या. कल्पना उत्तम, पण अर्धवट शिकलेला मित्र अज्ञानच वाटील. आमच्या विद्यार्थ्यास भोंदूचा पत्ता दिला तो वर्गमित्रानेंच! साथियाच्या पाठीशीं जाणती परिचारिका आणि कुजबूज न करणारा दवाखाना हवाच.

तो विद्यार्थी आज बाप आहे, मुलगा नववींत. त्याला हें कसें सांगूं, असें त्यानें परवां विचारलें. आम्हीं म्हटलें, "तुझीच गोष्ट सांग."

तो बराच वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "सर, त्यांत तुम्हीही याल."

"येऊं दे," आम्हीं म्हटलें.