कानांची परीक्षा, डोळ्यांचे गुण?

तुम्ही परदेशी येताना आयईएलटीएस दिली असेल, तर चिनी विद्यापीठांतली सीईटी-४ ओळखीची वाटेल. १९८७ पासून पदवीचे विद्यार्थी ती देतात. एकूण ७१० गुणांपैकी ऐकण्याला ३५ टक्के, वाचनाला ३५ टक्के. आता गंमत पाहा. ऐकण्याच्या भागात प्रश्न कानावर पडतो, पण उत्तराचे चार पर्याय छापलेले असतात. उताऱ्यात मागे जाता येतं. इथे निसटलेलं वाक्य गेलंच. म्हणून मुलं आधी पर्याय वाचून विषयाचा अंदाज बांधतात. मग हळू वाचणाऱ्याचे गुण कमी आले, तर कान कच्चा की वाचन? गुणपत्रिकेवरून कळत नाही. आणि नोकरी देणारे सर्रास ४२५ गुण मागतात!