शेगडी घेताना आधी बर्नर उचलून पाहा

गॅसची शेगडी बदलायची ठरली की दुकानात नजर आधी काळ्याभोर काचेवर जाते, मग बर्नर मोजले जातात. बजेट बेताचं असेल तर नेमका याच दोन गोष्टींवर जादा पैसा घालू नये. स्वयंपाक होतो तो बर्नरवर, आणि किंमत वाढते ती काचेमुळे. दुकानदाराला बर्नर काढून हातात द्यायला सांगावं. चांगला पितळी बर्नर तळहातावर जड लागतो. हलक्या मिश्रधातूचा बर्नर उतू गेलेलं दूध, वरणाचं खारट पाणी आणि रोजची घासणी सोसत झिजतो, त्याची भोकं वेडीवाकडी होतात, ज्योत पिवळी पडते आणि पातेल्यांची बुडं काळी होतात. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 4246) घरगुती एलपीजी शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान 68 टक्के हवी. ती 72 टक्के असेल तर 14.2 किलोच्या सिलिंडरमागे साधारण पाऊण किलो गॅस वाचतो. हा फायदा दर सिलिंडरला मिळतो, काचेची शोभा मात्र पहिल्या फोडणीपर्यंतच.

काच पुसायला सोपी असते, हे खरंच आहे. पण तापलेल्या काचेवर गार पाणी सांडलं किंवा रुंद बुडाच्या कढईची आच खाली परतली, तर ती तडकू शकते. स्टीलला पोचा येईल, चरे पडतील, एवढंच. चार बर्नरचं समर्थन मोठ्या कुटुंबाच्या नावाने होतं, तिथे मोजपट्टी काढावी. पाच लिटरचा कुकर साधारण 22 सेंटिमीटर रुंद, भाकरीचा तवा 28 ते 30. दोन्ही शेजारी नीट बसायचे तर बर्नरच्या मध्यांत 26 सेंटिमीटर अंतर लागतं, शिवाय कुकरच्या दांड्याला जागा. दाटीवाटीच्या शेगडीवर चौथा बर्नर चहाच्या पातेल्यापुरता उरतो. ऐसपैस दोन किंवा तीन बर्नर त्याहून कामाचे.

मग सरळ इंडक्शनच का घेऊ नये? जोडीला जरूर घ्यावं. पण त्यावर तांब्या-ॲल्युमिनियमची साधी भांडी चालत नाहीत, फुलका ज्योतीवर फुगवता येत नाही आणि वीज गेली की जेवण अडतं. जुनीच दुरुस्त करावी, हा सल्ला मात्र पुष्कळदा बरोबर असतो. नॉब घट्ट झाला किंवा नुसता बर्नर झिजला, तर मेकॅनिक थोडक्यात काम करून देतो. सांगाडाच गंजला असेल तर बदलावी. पुण्या-मुंबईत पाइपचा गॅस येण्याची शक्यता असेल, तर जेट बदलून मिळतील का, हे घेतानाच विचारावं. त्या गॅसला रुंद छिद्राचं जेट लागतं आणि त्याच जेटवर पुन्हा सिलिंडर जोडणं धोक्याचं असतं.

काचेवरचे पैसे वाचले तर त्यातून आयएसआय खुणेची नारंगी सुरक्षा नळी घ्या. नव्या शेगडीला जुनी नळी जोडू नका, ती दर पाच वर्षांनी बदलायची असते.