आकडा एक, काडतुसे अनेक

नंदुरबार-धानोऱ्याच्या भागातून रेल्वेने पूर्वेकडे निघालेल्या प्रवाशाला भुसावळ ओलांडले की वरणगाव लागते. येथील आयुध निर्माणीत १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावर हा कारखाना 'म्युनिशन्स इंडिया' या सरकारी कंपनीकडे गेला.

काडतुसाची ओळख दोन आकड्यांनी होते. '७.६२ बाय ५१' यातील पहिला आकडा नळीच्या व्यासाचा, दुसरा पितळी पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सामान्य माणसाच्या, आणि बातम्यांच्याही, लक्षात फक्त पहिला राहतो. लष्कराच्या जुन्या एसएलआर आणि नव्या 'सिग ७१६' रायफलींना ५१ मिलिमीटरची पुंगळी लागते, तर एके-४७ आणि अमेठीजवळ कोरवा येथे तयार होणाऱ्या एके-२०३ ला ३९ ची. चौघीही '७.६२'च्या, पण ५१ वालीचे काडतूस ३९ वालीला चालत नाही.

याचे कारण चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाच्या आकारात कोरलेली जागा. बार उडताच तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक होतो. पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटते आणि वायूची मागची वाट बंद करते. मागे बोल्ट आणि पुंगळीचा तळ यांत वाजवीपेक्षा जास्त फट राहिली, तर पितळ ताणले जाऊन फाटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे उसळतो.

दिसण्यावर विसंबणेही धोक्याचे. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने जुन्या .३०३ च्या घडणीवरच, पण अधिक मजबूत पोलादाची, ७.६२ ची रायफल काढली. दुरून दोघी जुळ्या बहिणी. फरक कळतो तो चौकोनी मॅगझिनवरून. .३०३ चे काडतूस तळाच्या बाहेर आलेल्या कडेवर टेकते; ७.६२ ला तशी कड नसते, ते पुंगळीच्या उतरत्या खांद्यावर टेकते. म्हणजे फट मोजण्याची जागाच दोन्हींत निराळी.

सर्वांत फसवी जोडी ५.५६ आणि .२२३ रेमिंग्टन यांची. पहिले 'इन्सास'चे लष्करी काडतूस, दुसरे नागरी. बाहेरून जवळजवळ एकच, एकमेकांच्या चेंबरमध्ये बसणारी. मात्र ५.५६ च्या चेंबरपुढे, नळीतील आटे सुरू होण्याआधी, थोडी अधिक मोकळी जागा असते. .२२३ च्या आखूड जागेत लष्करी काडतूस उडवले, की गोळी आट्यांना लवकर भिडून दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. उलट अदलाबदल सहसा चालून जाते. काडतूस आत गेले, बोल्ट बंद झाला, म्हणून ते योग्यच, असा निष्कर्ष इथे काढता येत नाही.

परवानाधारकांकडे दिसणाऱ्या .३१५ बोअरचा इतिहास कायद्यात आहे. लष्करी बोअर सामान्य नागरिकांच्या हाती नको, या ब्रिटिशकालीन धोरणातून हे ८ मिलिमीटरचे निराळे काडतूस भारतात रूढ झाले. परवान्यावर बोअर नोंदलेला असतो. तो नळीवरील ठशाशी आणि काडतुसाच्या तळावरील अक्षरांशी ताडून पाहावा. जुन्या रायफलीत ठसा बरोबर असूनही चेंबर किंवा बोल्ट झिजलेला असू शकतो. त्यासाठी शस्त्र-कारागिराकडे पोलादी मापे असतात. 'गो' मापावर बोल्ट बंद व्हायला हवा, 'नो-गो'वर होता कामा नये; झाला, तर ती रायफल दुरुस्तीशिवाय वापरायची नाही.