प्रॉक्सीमागे ‘एचटीटीपीएस’ अडतं कुठे?

ऑफिसच्या नेटवर्कवर साध्या साइट उघडतात, ‘एचटीटीपीएस’च्या मात्र नाही, तेव्हा आधी प्रॉक्सी सर्व्हरकडे पाहावं. सुरक्षित साइटसाठी ब्राउझर प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ अशी विनंती करतो: अमुक सर्व्हरच्या 443 पोर्टपर्यंत वाट करून दे. प्रॉक्सीकडून 200 आलं, की एन्क्रिप्शनची बोलणी थेट साइटशी सुरू होतात.

नाही म्हणण्याचं कारणही आकड्यातच असतं. 407 म्हणजे प्रॉक्सीला लॉगिन हवंय. 403 म्हणजे नियम आडवा आलाय. ‘स्क्विड’ प्रॉक्सीच्या मूळ सेटिंगमध्ये ‘कनेक्ट’ला फक्त 443 खुलं असतं, त्यामुळे 8443 वरची साइट तिथेच अडते. क्रोम हा आकडा न दाखवता नुसतं ‘टनेल कनेक्शन फेल्ड’ म्हणतो. टर्मिनलमध्ये ‘कर्ल’ला ‘-व्ही’ जोडून तीच साइट मागवा, सगळा संवाद ओळीओळीने समोर येतो.

सर्टिफिकेटचा दोष वेगळा आणि जास्त छळणारा. काही कंपन्यांचे प्रॉक्सी सुरक्षित मजकूर मध्येच उघडून तपासतात आणि साइटच्या जागी स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतात. कंपनीचं रूट सर्टिफिकेट विंडोजमध्ये बसवलेलं असल्याने क्रोम निमूट चालतो. पण जावा आणि नोड विश्वासू संस्थांची स्वतःची यादी बाळगतात, म्हणून तिथे एरर येते. अशा वेळी सर्टिफिकेटची तपासणीच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपया मानू नका. आयटी विभागाकडून रूट सर्टिफिकेट मागून घ्या आणि त्या यादीत घाला.