दुभत्या जनावरांचा पान्हा आणि संप्रेरकांचा वाद

वासराने ढुशी दिली की गाय पान्हवते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु दूध तयार होणे व ते सडांत उतरणे या दोन निरनिराळ्या क्रिया होत. दुग्धव्यवसायातील संप्रेरकांचा वाद समजण्यासाठी प्रथम हा भेद ध्यानात घेतला पाहिजे.

दूध कासेतील सूक्ष्म कूपिकांत तयार होते. वासराच्या स्पर्शाची वार्ता मज्जातंतूंमार्फत मेंदूस पोचली, म्हणजे पोष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. त्यायोगे कूपिकांभोवतीच्या पेशी आकुंचन पावून दूध खाली उतरते. म्हशीच्या कासेत पान्ह्यापूर्वी खाली साठलेले दूध फारच थोडे असते. म्हणून पान्हा चोरणाऱ्या म्हशीची धार निघत नाही.

गाईचे वाढ-संप्रेरक याहून वेगळे. त्याने दुधाची निर्मितीच वाढते. अमेरिकेने 1993 साली त्यास मान्यता दिली. परंतु कासदाह व लंगडेपणा यांचे भय दाखवून कॅनडाने 1999 मध्ये ती नाकारली. युरोपीय संघानेही त्यावर बंदी घातली. दिल्लीतील वाद मात्र मुख्यतः ऑक्सिटोसिनचा आहे.

दिल्लीत गाझीपूर, भलस्वा यांसारख्या नऊ नियोजित डेअरी वसाहती आहेत. शहरात जागा व चारा महाग. नर पारडू पोसणे मालकास परवडत नाही. पारडू दगावले की म्हैस पान्हा चोरते आणि मग धारेपूर्वी सुई टोचली जाते. तिने मुख्यतः असलेलेच दूध बाहेर येते. पुढे जनावरास सुईची सवय जडते व तिच्यावाचून ते पान्हवेनासे होते.

असे दूध पिणाऱ्यांचे काय? ऑक्सिटोसिन ही नऊ अमिनो आम्लांची लहानशी साखळी आहे. रक्तात ती काही मिनिटांतच विघटित होते व पोटात गेल्यास पचून जाते. त्यामुळे या दुधाने मुली अकाली वयात येतात, या समजुतीस भक्कम पुरावा नाही. चोरट्या बाटल्यांतील द्रव्याच्या शुद्धतेची हमी मात्र कोणीच देऊ शकत नाही.

मग सरसकट बंदी का नसावी? व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी 1953 साली हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केले. 1955 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवून ते असंख्य मातांचे प्राण वाचविते. केंद्र सरकारने 2018 मध्ये देशांतर्गत वापरासाठीचे त्याचे उत्पादन एकाच सरकारी कंपनीकडे सोपविले, तेव्हा औषधाच्या तुटवड्याची भीती व्यक्त झाली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला; 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. पुढे मे 2024 मध्ये उच्च न्यायालयाने डेअरी वसाहतींची दर आठवड्यास तपासणी करण्याचा आदेश दिला. दुभत्या जनावरास अपायकारक सुई टोचणे हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या 12 व्या कलमाखाली गुन्हाच आहे.

औषध एकच, प्रसूतिगृहात ते जीवनदायी, तर गोठ्यात क्लेशदायक ठरते. म्हणून नियंत्रण हवे ते त्याच्या दुरुपयोगावर. पारडू जगविणे, ठरलेल्या वेळी ओळखीच्या हाताने धार काढणे, कोमट पाण्याने कास धुणे व पुढ्यात आंबोण ठेवणे, या साध्या उपायांनी पुष्कळ जनावरे आपण होऊन पान्हवतात.